पावसाळ्याच्या बाटल्या

श्रुतिकाने प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला. खालचा कप्पा रिकामा. वरच्या कप्प्यात मात्र हिवाळ्या-उन्हाळ्याच्या बाटल्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या रांगेत, पाणी कसं नितळ.

"सर, माझ्या पावसाळ्याच्या बाटल्या कुठे गेल्या?"

अनिरुद्ध सर टायची गाठ सारखी करत होते. कॉलेज तपासायला आज समिती यायची होती. "त्या पिवळ्या ना? ओतून टाकल्या सकाळी. चहासारखं झालं होतं गं पाणी, खराब झालेलं. पाहुण्यांना काय ते दाखवायचं?"

खराब म्हणे! भर पावसात, छत्री उलटी होत असताना, गोराईच्या जेट्टीवर ओणवी होऊन तिने ते भरलं होतं. पावसात नाले, खाड्या, कुजकी पानं, अख्ख्या बोरिवलीची घाण समुद्रात उतरते. पाणी कितीही गाळा, त्यातलं बरंचसं विरघळून आतच राहतं आणि रंग धरतं. ते पावसात किती वाढतं नि हिवाळ्यात किती उतरतं, एवढाच तर तिचा प्रबंध होता. आणि हे तिचे गाईड! पवईच्या पाणी तपासायच्या मशीनवर तिचा नंबर पुढच्याच आठवड्यात लागला होता.

"तोंड काय पाडतेस? उद्या जा, भरून आण. समुद्र काय पळून जातोय?"

"समुद्र आहे, सर. पावसाळा संपला. आणि माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते."

"मग पावसाळा सोडून लिही. उलट आलेख सरळ येईल."

तिची कानशिलं तापली. इतका राग तिला आजवर कुणाचा आला नव्हता. ती काही बोलणार, तेवढ्यात समितीतल्या एक वयस्कर मॅडम आत आल्या. सरांनी अदबीने फ्रीजचं दार धरलं.

"हा आपल्या मुंबईचा समुद्र? इतका स्वच्छ?" मॅडम खूश झाल्या.

"वर्षभराचं काम आहे, मॅडम," सर म्हणाले. "श्रुतिका, सांग ना त्यांना."

श्रुतिकाने सरांकडे पाहिलं. प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती.

"वर्षभराचं नाही, मॅडम," ती म्हणाली. "पावसाळ्यातला समुद्र सरांनी सकाळी त्या बेसिनमध्ये ओतलाय."