विचारत विचारत

डॉक्टर म्हणून वॉर्डातला तिचा तिसराच दिवस. एका पेशंटला धाप लागली, ओठ निळे पडू लागले. तिने वॉर्डाच्या सिनियर सरांना चार फोन केले, त्यांनी चारही कापले. शेजारी उभ्या सिस्टरनी हळूच विचारलं, "डॉक्टर, आधी ऑक्सिजन लावू ना? मग नेब्युलायझर?" तिने नुसती मान हलवली. पेशंट सावरला.

राउंडला आल्यावर सर म्हणाले, "बघ, मी फोन उचलला नाही म्हणूनच शिकलीस!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर गेल्यावर ती सिस्टरवरच उखडली, "सरांसमोर तुम्ही गप्प का बसलात?"

"त्यांनाही मीच असं विचारत विचारत शिकवलंय," सिस्टर म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात मी रिटायर होतेय. नव्या पोरांकडे आता तुम्हीच बघा."