गॅरेजमधले सांधे

नवी गाडी उद्या यायची म्हणून दिगंबर सकाळपासून गॅरेजच्या कोब्यातले जुने सांधे साफ करत होता. काळं डांबर, ग्रीसमध्ये चिकटून मेलेली झुरळं, सगळं त्याने स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढलं. मग नवं सीलंट भरून ते उघड्या बोटाने अगदी मायेने सारखं केलं.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, कुंदाला, शिसारी आली. अंथरुणाला खिळलेल्या स्वतःच्या आईच्या पाठीवरच्या जखमा पुसायची वेळ आली, की हाच माणूस नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "मला नाही गं ती घाण बघवत."

"जरा कापूस दे," तो म्हणाला. "कडा पुसून घेतो."

घरात कापूस होता तो आईंच्या जखमांपुरता.

"कापूस आत आहे," कुंदा म्हणाली. "हात धुऊन या. आज आईंची पाठ तुमच्याकडे."