दात गेलेली

दात गेलेली मेंढी कळपात ठेवायची नाही, तिला चरता येत नाही, उगं खंगून मरते. हा कायदा आसराबाईचाच. पण तिचेच पुढचे तीन दात पडले, तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून भिजवलेली भाकर गिळायची. काल ते लेकाच्या, सुग्रीवच्या नजरेला पडलं. आज भोकरदनचा बाजार. सकाळीच तो म्हणाला, "माय, जल्दी पिकअपमध्ये बस." मागं कळपातला तरणा मेंढा बांधलेला. मला कुठं नेऊन राह्यलास, एवढं विचारायलाही तिची जीभ रेटेना.

बाजारात मेंढा विकला. परत गाडीत बसत सुग्रीव म्हणाला, "आता तुझी बारी."

आसराबाईनं गाडीचं दार घट्ट धरलं. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणाऱ्या जागा असतात, हे तिनं ऐकलं होतं.

गाडी दातांच्या दवाखान्यापुढं थांबली. "शेजारच्या दातांच्या आधारानं पक्के दात बसवतेत, ब्रिज म्हणतेत त्याला. मेंढा त्याच्यासाठीच विकला, माय."

आसराबाईनं धरलेलं दार सोडलं. पदर खोचून ती कडाडली, "दात गेलेली ठेवली अन् दातांचा विकला? अक्कल चरायला गेल्ती का रं, मुडद्या?"