होकार

तिसरा तांब्या पाठीवर रिता झाला, तरी बकरा हलला नाही.

"प्लांटचा दिसते जी हा," सुरी घेऊन उभा असलेला बळीराम म्हणाला. "गेटपास दाखवल्याबिगर हालत नाही."

हथखोजच्या कारखान्यांमागे, नाल्याकाठच्या मातामाय देवीच्या ओट्यापुढे जमलेली माणसे हसली. रामाजी हसले नाहीत. पस्तीस वर्षे प्लांटमध्ये, पोलादाच्या भट्टीवर काढलेल्या या माणसाने नातवासाठी नवस केला होता. गोलू दीड वर्षाचा होऊनही पाऊल टाकत नव्हता, तेव्हाचा तो नवस. पुढे तो चालू लागला, आता चार वर्षांचा झाला, आणि आज फेड होती. रीत अशी की अंगावर पाणी पडल्यावर बकऱ्याने अंग झाडले, तर मातामायने मानले. नाही झाडले, तर बकरा परत न्यायचा आणि पुढची पाळी थेट चैत्रात.

गोलूच्या बापाने, भूपेंद्रने, घड्याळ पाहिले. साडेअकरा. गोलूचे रक्त तपासायला द्यायचे होते ती सिविक सेंटरमधली लॅब रविवारी एक वाजता बंद होत असे.

"आधी देवीचं, मग सुईचं," त्याच्या वडिलांनी, रामाजींनी, घरी एकदाच सांगितले होते. "मायनं मानलं नाही, त पोराच्या अंगाले सुई लागणार नाही." आणि दामिनीने, त्याच्या बायकोने, सासऱ्यांकडे पाहून मान डोलावली होती.

भूपेंद्र शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे. अकरा वर्षे त्याने फळ्यावर तेच तीन स्नायू काढले होते: इच्छेने चालणारे, आपोआप चालणारे आणि हृदयाचे. आकुंचन दाखवताना तो दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवी. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांत शिरतात, म्हणून स्नायू आखूड होतो. दर वेळी पेशीच्या पडद्याला ओढ बसते, आणि ती सोसणारे एक प्रथिन असते. हे मात्र शाळेच्या पुस्तकात नव्हते. ते त्याने गेल्या महिन्यात, स्वतःसाठी वाचले होते. काही मुलांच्या अंगात ते प्रथिन तयारच होत नाही. स्नायू वापरात येतो तसतसा फाटत जातो, आणि फाटलेल्या जागी चरबी भरते. पोटरी दणकट दिसू लागते.

"पोटऱ्या पाह्य ना बे माह्या नातवाच्या," रामाजी बळीरामला सांगत होते. "आमच्या सात पिढ्यांत अशा कोणाच्या नव्हत्या. पैलवान होईन हा."

गोलू ओट्यापुढे मातीत बसला होता. "पापा, ये हिलता क्यों नहीं?"

"मराठीत विचार बेटा," बळीराम म्हणाला. "मायले हिंदी समजत नाही."

चौथा तांब्या ओतला गेला. बकऱ्याने डोळे मिटले, उघडले, आणि तो पुन्हा तसाच उभा राहिला. कोणी म्हणाले, पाणी उन्हाने तापले आहे, दुसरे आणा. मागून कोणी हलकेच म्हणाले, घरात काही चुकले असेल. ते ऐकून दामिनीने मान खाली घातली. भूपेंद्र दोन पावले पुढे गेला, मागे आला, पुन्हा घड्याळ पाहिले. पावणेबारा.

बकऱ्याच्या कातडीखाली, खांद्यामागे, स्नायूचा एक पातळ पापुद्रा असतो. माशी बसली की तो आकसतो. खबर मणक्यापर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम सुटतो. मेंदूला कोणी विचारीत नाही. मात्र ओतलेल्या पाण्याला हा पापुद्रा दाद देईलच असे नाही. त्याला माशीएवढाच स्पर्श लागतो.

"बाबा, दोरी मी धरतो," भूपेंद्र म्हणाला.

खाली वाकताना त्याने गवताची एक काडी उपटली. अकरा वर्षांत त्याने वर्गात एकही प्रयोग खोटा दाखवला नव्हता. बळीरामने पाचवा तांब्या उचलला. पाणी पडले, आणि त्याच क्षणी दोरीआडून काडीचे टोक खांद्यामागच्या केसांवरून हलके फिरले.

कातडीवरून एक लहर गेली. मग बकरा मानेपासून शेपटीपर्यंत थरथरला. थेंब सगळ्यांच्या अंगावर उडाले.

"मानलं! मायनं मानलं!" रामाजींचा आवाज फुटला. त्यांनी दोन्ही हात जोडले, ते बराच वेळ खाली आणले नाहीत. बळीराम बकऱ्याला ओट्याच्या मागे घेऊन गेला.

"ऊठ गोलू, मायच्या पाया पड."

गोलू उठला. आधी त्याने दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर. स्वतःच्याच अंगाची शिडी करून तो वर चढला आणि उभा राहिला.

"पाहा, कसा जोर लावून उठते!" रामाजी सगळ्यांना म्हणाले.

भूपेंद्रने त्याला स्कूटरवर पुढे उभे केले. दामिनी मागे बसली. स्कूटरने नाला ओलांडला. मग तिने हात पुढे करून नवऱ्याच्या बोटांत अजून अडकलेली काडी काढून घेतली.

"बकऱ्याले तुम्ही हालवलं. मी पायलं."

त्याने स्कूटर थांबवली.

"मामाजीले नाही सांगत मी," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "पण तिकडचा रिपोर्टही असाच हालवता येईन का जी?"

भूपेंद्रच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये गोलूच्या पोटऱ्या होत्या, टणक आणि गरम. सव्वाबारा वाजले होते.

"पापा," गोलू म्हणाला, "चलो ना."