आत्याला ढग समजावताना

"झोपलीस का गं आत्या?"

"छे गं, ऐकतेय. डोळे मिटले की ढग नीट दिसतात."

भाचीने पडदा सारला. दुपारचा मऊ उजेड खोलीभर पसरला. आत्या खाटेवर आडवी होती, उशाशी काजं करायला आणलेले शर्ट. तीस वर्षं काजं-बटणं करून तिच्या बोटांना घट्टे पडले होते.

हवामान वेधशाळेत निरीक्षकाची एकच जागा होती, आणि ती परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला मिळणार होती. भाचीची दोनदा थोडक्यात हुकली होती. यंदाही हुकली तर जन्मभर चपलांच्या दुकानात लोकांचे पाय मोजत बसावं लागणार होतं.

"त्यात यंदा वयाची अटही काढलीय मेल्यांनी! आता म्हातारेकोतारेही येऊन बसतील."

"बसू दे की," आत्या म्हणाली.

या खेपेला भाचीने नुसतं वाचत बसणं सोडलं होतं. पुस्तक मिटायचं आणि ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला समजावून सांगायचं. सांगताना जिथे अडेल, ते कच्चं. असं माणूस घरात एकच होतं.

"पिसांसारखे दिसतात ना, ते सगळ्यांत उंच. बर्फाच्या कणांचे."

"मग खाली का पडत नाहीत?"

"पडतात गं. वाटेतच विरून जातात."

"अगंबाई! परत सांग, डोक्यावरून गेलं."

भाची हसायची आणि परत सांगायची. आज सांगितलेलं परवा, मग आठवड्याने, मध्येच वारा, दाब, दव असं सगळं उलटसुलट करून. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची आणि आपली उत्तरं, छापील उत्तरांसकट, आत्याच्या हाती द्यायची. "तू नुसतं ताडून बघ. कळलं नाही तरी चालेल." आत्या ओळीओळीवर बोट ठेवून ताडायची. बोलता बोलता दोघींना पेंग यायची, आणि सगळी खोलीच अलगद वर तरंगत चाललीय असं वाटायचं. इतक्या सुखाचा अभ्यास भाचीने कधी केला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी आत्याने तिला जवळ घेतलं. "घाबरू नकोस हं. मला आज डोळे तपासायला जायचंय, यायला उशीर होईल."

केंद्रावर सतरा खोल्या भरल्या होत्या. पेपर मात्र भाचीला झकास गेला. एकही प्रश्न अडला नाही.

महिन्याने वेधशाळेच्या भिंतीवर यादी लागली. वरून वाचायचा धीर होईना, म्हणून ती खालून वर वाचत गेली. बराच वेळ तिचं नाव आलंच नाही. मग आलं. दुसरी. अवघ्या दोन गुणांनी.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कोण मेला उपटला हा, असं पुटपुटत तिने डोळे पुसले आणि वरचं नाव वाचलं.

ते तिच्या आत्याचं होतं.