भाडेकरीण

"पाना सरळ धरा, मालक," असं म्हणत तिने टॉर्च मुद्दाम त्याच्या डोळ्यांवर मारला.

सिंकखाली उताणा पडलेला मालक म्हणजे तिच्या गेलेल्या जोडीदारणीचा सख्खा भाऊ. सुटलेल्या पाइपातलं उरलंसुरलं पाणी त्याच्या कानात झिरपत होतं.

घर बहिणीच्या नावावर होतं. ती गेली आणि हा कोर्टात उभा राहिला, छाती काढून. "लग्न म्हणजे एक बाई, एक बुवा. कायदाच तसा आहे. ही ताईची भाडेकरीण, बाकी कुणी नाही." कोर्टाने शब्द न् शब्द मानला. घर त्याला मिळालं, आणि घरासोबत भाडेकरीणही. जुनी, हक्काची, हलवता न येणारी. काही बिघडलं की दुरुस्ती मालकाने करून द्यायची.

आणि बिघडायचं तर सारखंच. दोघी प्लंबर होत्या. अर्ध्या शहराचे नळ त्यांनी जोडलेले. बाकीचे प्लंबर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. याने बोलावलं की प्रत्येकाला नेमका ताप यायचा.

"बाई, पुरे कर गं," तो रडवेला झाला. "आता दोन बायकांचं लग्न मानणारा नवा कायदा आलाय. शपथेवर सांगतो, तू ताईची बायको होतीस. घर घे, पण मला सोड!"

याच एका शब्दासाठी ती इतके दिवस चुलीतल्या लाकडासारखी जळत होती. तो आला, आणि आत काहीच निवलं नाही.

"तुम्हाला काय ठाऊक, मी तिची कोण होते?"

"ठाऊक होतं." त्याचा आवाज पडला. "दवाखान्यात ताई शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्या बायकोला आत घ्या. मीच म्हटलं, ताई, बाहेर कुणीच नाही."

बाहेर ती होती. जिन्यात, जोडीदारणीची चप्पल उराशी धरून. दाराच्या त्या बाजूने आपल्याला हाक आली होती, हे तिला आज कळत होतं.

"हेही कोर्टात सांगा."

"बायकोमुलांसमोर? तेवढं सोडून काहीही माग."

तिने टॉर्च विझवला. अंगणात गेली, बंद केलेला मेन कॉक पूर्ण सोडला आणि पायरीवर शांत बसली.

आत पाणी फुटलं. दोन्ही हातांनी पाइप दाबत, गुदमरत तो ओरडला, "अहो, बंद करा! कुणी आहे का बाहेर?"

"कुणीच नाही," ती म्हणाली.