स्वल्पविरामांमधले साहेब

अहवाल टायपिस्टबाईंनीच लिहिला होता, म्हणून सोबतच्या पत्रात त्यांनी टाइप केलं, "अवर टायपिस्ट, द ऑथर ऑफ धिस रिपोर्ट, विल प्रेझेंट इट." साहेबांनी स्वल्पविरामांमधलं सगळं लाल पेनाने उडवलं.

"याला समानाधिकरण म्हणतात, बाई. नामाला चिकटवलेलं दुसरं नाम नुसतं मिरवायला असतं. काढलं तरी वाक्याचं काही अडत नाही. इंग्रजी शिका जरा!"

अख्खं ऑफिस फिदीफिदी हसलं.

साहेब निवृत्त व्हायला आले, तेव्हा निरोपाची पितळी पाटी करून आणायचं काम बाईंकडेच आलं. मजकूर अर्थातच साहेबांनी स्वतः लिहून दिला होता: "अवर मॅनेजर, अ स्कॉलर, अ लीडर, अ फादर टु ऑल, रिटायर्स टुडे."

"ताई, पाटी वीतभर. एवढं मावायचं नाही," अक्षरं कोरणारा म्हणाला.

"मग स्वल्पविरामांमधलं उडवा."

समारंभात साहेबांनी ऐटीत पाटीवरचं कापड ओढलं. "अवर मॅनेजर रिटायर्स टुडे." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"वाक्याचं काही अडलं नाही, साहेब," बाई हार पुढे करत म्हणाल्या. "ऑफिसचंही अडायचं नाही."